सात मिरच्या आणि शुक्रवारची ओटी

आधी गुन्हा सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही मन लावून वाचाल. दोह्याच्या अल मुंतझा भागात एक जुनी तीन मजली बिल्डिंग आहे. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपून सगळी बिल्डिंग डाराडूर झोपलेली असताना, मी तिच्यातला एकूण एक माणूस खोकत-शिंकत रस्त्यावर आणला. लुंगीतले आजोबा, केसांना मेंदी थापलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत पासपोर्टांची पिशवी धरलेले अकाउंटंट, सगळे. आग लागली नव्हती. मी दृष्ट काढली होती. गणिताची निवृत्त शिक्षिका, अठ्ठावन्न वर्षांची अल्लड तरुणी मी, विजेच्या शेगडीवर, सात मिरच्यांनी.

हसा. बारा वर्षं झाली, आता मीही हसते. त्या दिवशी मात्र हसायची सोय नव्हती, कारण त्या धुरात एका बाईची जागा गेली. आणि ती जागा नुसत्या चार भिंतींची नव्हती. पण ते कळायला तुम्हाला आधी माझ्याबरोबर गुहागरला यावं लागेल, कारण मिरच्या तिथल्या. म्हणजे मिरच्या सुपरमार्केटातल्या, पण अक्कल तिथली.

मी घर सोडलं तेव्हा ह्यांना दोह्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागून वर्ष होत आलं होतं आणि आता मला व्हिसा आला होता. मुंबईची एसटी दुपारची. ओटीवर अर्धी वाडी जमलेली. भाऊ ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं माझं नाव रंगवत होता आणि ‘सुमती’तला ती जाडा करून बसला होता. मी नवी कोरी साडी नेसून, पायांत नव्या चपला घालून अशी उभी होते, जणू आखाताला तेल मीच मिळवून देणार होते. आईनं लोखंडी पळीत चुलीतले निखारे आणले. मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, वाटसराची, घरची-दारची असं काहीतरी पुटपुटली आणि निखाऱ्यांवर टाकल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगते. मिरच्या जळल्या आणि सगळ्यांना ठसका लागला, तर दृष्टबिष्ट काही लागलेली नाही, सगळं ठीक आहे. मिरच्या जळून गेल्या आणि कोणाला साधी शिंकसुद्धा आली नाही, तर मात्र जबर लागली होती आणि आता उतरली. त्या दुपारी ओटीवर एकही माणूस खोकला नाही. आईचा चेहरा उजळला. “बघ, केवढी लागली होती पोरीला!”

झोपाळ्यावरून वडील म्हणाले, “मिरच्या सादळल्यात.”

आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. उरलेल्या मिरच्या आणि मीठ-मोहरी तिनं फडक्यात बांधून माझ्या पर्समध्ये कोंबली. “परका मुलूख आहे. लागली की उतरव, वाट बघत बसू नको.” एसटीत चढताना तिला आणखी एक आठवलं. “आणि कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नको गं. भांडायला गेलीस तरी.”

आईनं दिलेली शिदोरी ती एवढी. दोन्ही वाक्यं मी चाळीस वर्षं सांभाळली. एकानं माझं भलं केलं, दुसऱ्यानं बिल्डिंग रिकामी केली.

त्या वेळची मी काय होते, ते आठवलं की मला माझाच कान पिळावासा वाटतो. विमानाच्या खिडकीतून वाळवंट दिसलं, तेव्हा शेजारी पहिल्यांदाच विमानात बसलेली एक मल्याळी मुलगी घाबरून गेली होती. मी तिला शिक्षिकेच्या थाटात समजावलं की हा समुद्रकिनारा आहे, आता समुद्र येईल. बराच वेळ समुद्र आला नाही. तिनं माझ्याकडे पाहणं सोडलं.

आमचं पहिलं घर अल नस्रमध्ये. दोन खोल्या, खिडकीत घरघरणारा एसी आणि बाहेर न संपणारा उन्हाळा. गावच्या बायांनो, तुम्ही समजत होतात की सुमती ऐषआरामात आहे. सुमती स्वयंपाकघरात उभी राहून नारळ कशावर खवू म्हणून रडत होती. विळी मी आणलीच नव्हती. ‘तिकडे सगळं मशीनवर होतं’ असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते वाडीभर सांगत सुटले होते. तेव्हा फोन म्हणजे ह्यांच्या ऑफिसातून, तोही ओरडून. आता वहिनी व्हिडिओ कॉलवर मला फणस फोडून दाखवते, वास येतोय का विचारते आणि मी येतोय म्हणते.

मग मला एका भारतीय शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली, निखिल झाला, आम्ही अल मुंतझाला मोठ्या घरात आलो. माझ्या तोंडात ‘चला’ऐवजी यल्ला आणि ‘संपलं’ऐवजी खलास बसले. आणि मी दिवाणखाना केला. हा माझा खरा पराक्रम. क्रीम रंगाचा सोफा, काचेचं कपाट, कपाटात उंट. सोफ्यावरचं प्लास्टिक मी काढलं नाही. मळेल म्हणून. पाहुणे आले की उन्हाळ्यात त्याला चिकटायचे आणि उठताना चर्र असा आवाज व्हायचा. बरीच वर्षं त्या सोफ्यावर कोणी दुसऱ्यांदा बसायला आलं नाही, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ज्या घरातून मी आले त्या घराच्या ओटीवर पोस्टमन, भिक्षुक, कुणाचा तरी हरवलेला बैल शोधणारा, कोणीही येऊन टेकत असे आणि त्याला गूळपाणी मिळत असे. आणि मी? पीपहोलमधून बघून दार न उघडण्यात मी तरबेज झाले होते.

आता सलामा.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, एक बंद पडलेलं शिंप्याचं दुकान होतं. मी निवृत्त झाले त्या वर्षी दर शुक्रवारी दुपारी तिथून आवाज यायला लागले. आधी बराच वेळ शांतता, मग गाण्यासारखं काहीतरी, मग हसणं, मग पुन्हा पुस्तक वाचल्यासारखा एकसुरी आवाज. जिन्याच्या पायथ्याशी नवी माणसं दिसू लागली. उंच, काळीभोर, तरुण. मॉलच्या दारात उभे राहणारे गार्ड, कॉफीच्या दुकानात कप विसळणाऱ्या मुली, शहराच्या टोकाच्या मुऐदरहून बसनं येणारी सुदानी आणि युगांडाच्या घरांतली शाळकरी मुलं. मी काय केलं? जिन्यातून जाताना पर्स घट्ट धरली. लिहिताना लाज वाटते, पण तुम्हीही धरली असतीत, म्हणून लिहिते.

दोन-तीन शुक्रवार माझी वामकुक्षी मोडल्यावर मी तक्रार करायला खाली उतरले. आईचं ऐकून भांडायलाही रिकाम्या हातानं गेले नाही. नारळाच्या वड्यांची ताटली नेली.

दार सलामानं उघडलं. मोंबासाची. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोक्याला केशरी रुमाल, आवाज असा की वर्गात छडी लागत नसेल. आठवडाभर ती एका शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि शुक्रवारी इथे. सगळे तिला म्वालिमु म्हणत, म्हणजे बाई, मास्तरीण. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनं ताटलीतली वडी उचलली, खाल्ली, डोळे मिटले आणि इंग्रजीत विचारलं, “खोबरं कशावर खवलंस?”

मी म्हटलं, मिक्सरवर.

“तरीच,” ती म्हणाली. आत जाऊन तिनं एक लाकडी बुटकं स्टूल आणलं, घडी उघडली आणि पुढे दातेरी पातं निघालं. माझ्या आईची खवणीची विळीच ती, फक्त बसायची फळी थोडी वेगळी. त्यांच्याकडे तिला म्बुझी म्हणतात. मोंबासाहून ती विळी घेऊन आली होती, आणि मी गुहागरहून शहाणपण घेऊन आले होते.

मी तक्रारीचं पहिलं वाक्य म्हटलं. सलामा म्हणाली, “तक्रार नंतर. इथला एक नियम आहे. आधी बस, आणि जिनं किंवा ज्यानं तुला वाढवलं त्याचं नाव घे.”

तिच्या शुक्रवारची सुरुवातच तशी होती. तिच्या गावी जुन्या घरांच्या दाराबाहेर दगडी बाक असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं म्हणून. त्याला बराझा म्हणतात. ह्या खोलीलाही तिनं तेच नाव दिलं होतं. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. ती कोणालाच कोणाची प्रार्थना म्हणायला लावत नसे. प्रत्येकानं चटईवर बसायचं, आपल्याला वाढवणाऱ्या माणसाचं नाव हळू आवाजात घ्यायचं आणि थोडा वेळ गप्प राहायचं. देवाला हाक मारायची तर ज्यानं त्यानं आपापली मारावी. पण हाक मारल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. मग इंग्रजी, गणित, नोकरीच्या मुलाखती, आणि त्यांच्या आजोळच्या गोष्टी, ज्या शाळेतल्या पुस्तकांत नव्हत्या. सलामा एकदा मला म्हणाली होती, “आठवडाभर लोक ह्यांच्याकडे बघतात ते दार उघडून घ्यायला. एक दुपार तरी ह्यांनी दाराच्या आत बसावं.”

तर मी बसले. साठीकडे झुकलेली बाई चटईवर गुडघे मोडून बसले आणि म्हटलं, “द्वारका.” आणि माझ्या लक्षात आलं की आईचं नाव मी आयुष्यात कधी तोंडानं उच्चारलंच नव्हतं. ती आई होती. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि तिच्या शेवटच्या आजारपणात मी बोर्डाचे पेपर आहेत म्हणून उशिरा पोचले होते. खोलीत कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे आपापल्या नावाशी गप्प बसले होते.

तक्रार राहून गेली. पुढच्या शुक्रवारी मी गणित शिकवायला खाली उतरले.

माझी खास विद्यार्थिनी म्हणजे नीमा. मोंबासाजवळच्या एका खेड्यातली, तिथल्या आजीनं वाढवलेली, वय वीस-बावीस, एका मॉलच्या दाराशी गार्ड. तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी शाळेत राहिलेली गणिताची परीक्षा पुन्हा द्यायची होती. कंपनीच्या खोलीत एकावर एक पलंग, वेगवेगळ्या शिफ्ट, दिवा कधी लावावा यावरून भांडणं. पुस्तक उघडून बसायला तिला ही एवढीच एक जागा होती. शुक्रवार हुकला की आठवडा हुकला. मी तिला पाढे शिकवले, आपल्या चालीत, कारण चालीशिवाय पाढे मला येत नाहीत. आठवड्याभरात मॉलच्या दारात उभी राहून ती ‘बे एके बे’ पुटपुटायला लागली, आणि म्हणे एका मराठी बाईनं दचकून दोनदा मागे वळून पाहिलं.

पण माझ्यातली जुनी सुमती इतक्यात कुठे मरायला! एका शुक्रवारी मी नीमाला मायेनं सांगितलं की दुधात हळद आणि बेसन कालवून चेहऱ्याला लाव, रंग उजळतो. हे कोणी सांगितलं? जिला रंगावरून स्थळं नाकारून गेली, जिच्या आईनं ‘मुलगी हुशार आहे हो’ असं म्हणताना प्रत्येक वेळी आवाज खाली आणला, जिला लग्नाआधी वर्षभर रोज हळद फासली गेली, तिनं. नीमानं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग गालात हसून विचारलं, “तुम्ही किती वर्षं लावलंत?” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “मग फरक कधी पडणार?” सलामा वहीत तोंड खुपसून हसत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटातली रंग उजळायच्या क्रीमची ट्यूब मी कचऱ्यात टाकली. ह्यांनी विचारलं, संपली का? मी म्हटलं, खलास.

तर असं छान चाललं होतं. आणि छान चाललेलं पाहून मला भीती वाटली. हे आपल्याकडचं शिक्षण. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “किती गर्दी जमवता हो तुम्ही! छान छान!” त्यानंतर पंधरवड्यात काय व्हावं? तिघांच्या शिफ्ट बदलून शुक्रवारीच आल्या. एकीला कांजिण्या झाल्या. नीमाला सराव परीक्षेत इतके कमी मार्क पडले की तिनं पेपर घडी करून बुटात घातला. शिफ्ट कंपनी बदलते, कांजिण्या साथीनं येतात आणि नीमा तीन रात्रींच्या ड्यूट्या करून पेपरला बसली होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. गणिताची बाई मी. पण आईचा आवाज आला: लागली की उतरव, वाट बघत बसू नको.

शिंप्याच्या दुकानात मागे एक चिंचोळं स्वयंपाकघर होतं. सगळे नावं घेऊन डोळे मिटून बसले होते, आणि मी चोरपावलांनी जाऊन शेगडीवर लोखंडी तवा तापवला. सर्वांवरून लांबूनच, दारातून, ओवाळून घेतलं. आईच्या मिरच्या केव्हाच संपलेल्या. ह्या सुपरमार्केटातल्या, आंध्राच्या, लालभडक, अजिबात न सादळलेल्या. आणि धूर साधकांना लागू नये म्हणून मी, शहाणीनं, एक्झॉस्टचा पंखा लावला. त्या पंख्याची डक्ट वर तिन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरांतून जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर संपूर्ण बिल्डिंगला माहीत झालं.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे. रस्त्यावर उन्हात सगळे उभे. आमचे हे वरून उतरले ते नाकाला टॉवेल लावून, आणि माझ्याकडे बघताच त्यांना कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला धुराचा वासही ओळखू येतो. नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार, डोळे पुसत ओरडत होता, “आंटी, क्या जलाया? क्या जलाया आंटी?” नीमा खोकून खोकून खाली बसली होती. श्वास मिळताच तिनं विचारलं, “हे परीक्षेला आहे का?”

सलामा हसली नाही. तिनं मुलं मोजली, सगळी बाहेर आहेत बघितलं, आणि रस्त्याच्या कडेला टेकून बसली. तिला पुढचं दिसत होतं. तासाभरात मालक आला. भला माणूस, आवाजही चढवला नाही. दुकान म्हणून दिलेल्या जागेत शुक्रवारी एवढी मुलं जमतात हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आता सगळी बिल्डिंग एका सुरात सांगत होती. त्यानं किल्ली मागितली. सलामानं दिली. नीमाची परीक्षा महिन्यावर आली होती.

त्या आठवड्यात मला घास गेला नाही. हे मला एकदाही टोचून बोलले नाहीत, ते तर फारच लागलं. शेवटी मी नारळाच्या वड्या केल्या, ह्यांना गाडी काढायला लावली आणि मुऐदरला मालकाच्या घरी गेले. मालक बाहेर होता. मला आतल्या बाजूला नेलं ते त्याच्या आईकडे. उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, म्हणत तिला. ऐंशीच्या घरातली, काळ्या कपड्यांत चिमुकली, हातभर मेंदी. तिच्या तरुणपणी मुंबईहून गलबतं यायची. त्या काळचं मोडकं हिंदी तिला येत होतं. मी सगळं कबूल केलं. ओवाळण्यापासून डक्टपर्यंत.

ती आधी हसली नाही. गंभीरपणे तिनं विचारलं, “मिर्ची? कितना?”

“सात.”

“सात!” म्हातारी कपाळाला हात लावून हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मजनून!” म्हणजे वेडी. “मिर्ची खाने का, जलाने का नहीं। नजर लगा तो शब्बा जलाओ, शब्बा!” आणि उशाशी ठेवलेल्या डबीतून तिनं मला तुरटीचा खडा काढून दाखवला. त्यांच्याकडे दृष्ट तुरटीनं काढतात. धूर होत नाही.

मला वाटलं, काम झालं. मी जागेचं विचारलं. तिनं मान हलवली. लोकांनी तक्रार केली आहे, मुलाचं बरोबर आहे, ती जागा नाही मिळणार. मग वडीचा तुकडा तोंडात घोळवत तिनं मला विचारलं, अगदी सहज, “तेरे घर में मजलिस नहीं? मेहमान किधर बैठता?”

त्यांच्या घरात फाटकाशेजारी एक खोली असते, येईल त्यानं बसावं म्हणून. मी ओटीवर वाढलेली, सलामा बराझावर, आणि ही बाई मजलिसच्या घरातली. तिला कल्पनाच करवत नव्हती की घर आहे आणि बसायला जागा नाही. “मेहमान आया तो मेरा बेटा क्या बोलेगा?” ती म्हणाली. “मेहमान तो मेहमान.”

परतताना गाडीत मी ह्यांना म्हातारीचा प्रश्न सांगितला. हे म्हणाले, “सोफ्याचं काय करायचं?” म्हणजे त्यांच्याही डोक्यात तेच.

“प्लास्टिक काढायचं,” मी म्हटलं.

काढताना कळलं की खालचा क्रीम रंग केव्हाच पिवळा पडलाय. इतकी वर्षं मी काय जपलं, देव जाणे. सोफा भिंतीला लावला, उंटांचं कपाट निखिलच्या खोलीत गेलं, चटया पसरल्या. मग मी सगळ्या मजल्यांवर जाऊन, दारोदार ताटली घेऊन, माफी मागितली आणि सांगितलं की शुक्रवारी माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दारातच विचारलं, “मिरच्या?” मी म्हटलं, फक्त गणित. त्या म्हणाल्या, “मग आमच्या पोरालाही बसवा एका कोपऱ्यात.”

सलामाला बोलवायला मात्र मला धीर होईना. तिच्या दारात वड्या घेऊन उभी राहिले आणि मराठीत काय बोलायचं ते इंग्रजीत शोधत राहिले. शेवटी तो नियमच सांगितला, ठसक्याचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे ठसका लागला तर नजर लागलेलीच नाही?”

“नाही.”

“मग आमच्याइतकी सुरक्षित माणसं दोह्यात दुसरी कोणी नसतील,” ती म्हणाली आणि विळी काखोटीला मारून माझ्याबरोबर निघाली. पण जिन्यात थांबली. “सुमती, पुन्हा आमच्यासाठी काही करावंसं वाटलं तर आधी आम्हाला विचार.” एवढंच. तेवढं पुरलं. अजून पुरतंय.

नीमा उत्तीर्ण झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून अभ्यास करायला मी तिला घराची किल्ली दिली होती. कधी शिफ्टवरून पहाटे येई, आणि मी उठायच्या आत ह्यांनी तिला चहा केलेला असे. पुढे ती मोंबासाला गेली, नर्स झाली, आणि दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका हॉस्पिटलात परत आली. सलामा आता तिच्या गावी असते. तिच्या घराबाहेरचा दगडी बाक शुक्रवारी भरलेला असतो आणि फोटोत मला ती मुद्दाम नारळ खवताना दिसते. हे निवृत्त झाले, निखिलनं त्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं, आणि आम्ही दोघं त्याच्या व्हिसावर. म्हणजे आता पाहुणे आम्हीच. तरी शुक्रवारच्या चटया मीच घालते. सुनेनं नवा सोफा आणला, त्यावर प्लास्टिक नव्हतं, मी तपासलं.

गावी राहिलेल्या माझ्या बायांनो, तुम्ही विचारता, आता कायमची परत कधी येणार? घर कुठलं मानतेस? गेल्या मे महिन्यात आले होते तेव्हा शुक्रवारी दुपारी मी नकळत ओटी झाडून चटया पसरल्या. वहिनी म्हणाली, कोण येणार आहे? कोणीच येणार नव्हतं. मी एकटीच बसले, द्वारका म्हटलं, आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग शेजारची शकू आली, काय करताय म्हणाली आणि बसली. मग तिची सून. तुम्ही जे माझ्यासारखे कुठे कुठे गेलात, मस्कतला, न्यू जर्सीला, तुम्हाला एवढंच सांगते: घर कुठे आहे हे शोधत बसू नका, चटई घाला. कोणीतरी येतं.

आता शेवटचं. हल्ली शुक्रवार नीमा चालवते. नवी पोरं येतात, ती त्यांना नियम सांगते. तिची मराठी आमच्या इरापेक्षा बरी. आमची नात इरा सगळं समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. नीमा पाढ्यांच्या चालीत मराठी बोलते. मला ती बीबी म्हणते, म्हणजे त्यांच्याकडे आजी. मी फार दिवस पाहत होते की बाकीचे एक नाव घेतात आणि हिचे ओठ दोनदा हलतात. दुसऱ्याच्या प्रार्थनेत नाक खुपसू नये. मी खुपसलं. गेल्या शुक्रवारी सगळे गेल्यावर, चटया गुंडाळताना, विचारलं की बाई गं, दुसरं कोणाचं?

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं देते.

“पहिलं माझ्या आजीचं. दुसरं तुमचं. आजीचं नाव घेतलं की डोळ्यात पाणी येतं. तुमचं घेतलं की अजून ठसका लागतो, बीबी. म्हणजे सगळं ठीक आहे.”